पाइपिंगमधील यांत्रिक प्रतिबलाचे मूल्यमापन : फ्लिक्सबरो चौकशी अहवालाची समीक्षा

बीजसंज्ञा : पाइपिंग, प्रतिबल, बेलोज, फ्लिक्सबरो, चौकशी अहवाल, फेरबदल

प्रास्ताविक

१ जून १९७४ रोजी, शनिवारी दुपारी ४ वाजून ५३ मिनिटांनी, इंग्लंडमधील स्कन्थॉर्प शहराजवळ फ्लिक्सबरो येथील नायप्रो कंपनीच्या रासायनिक कारखान्यात प्रचंड स्फोट झाला. या स्फोटात २८ जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी १८ जण नियंत्रण कक्षात होते व त्या कक्षातून एकही व्यक्ती जिवंत बाहेर आली नाही. सुट्टीचा दिवस असल्यामुळे कारखान्यात माणसे कमी होती. अन्यथा मृतांची संख्या कितीतरी अधिक झाली असती. परिसरातील शेकडो घरांचीही हानी झाली. ब्रिटिश शासनाने रॉजर पार्कर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी न्यायालय नेमले व त्याचा अहवाल १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला.

औद्योगिक सुरक्षेच्या अभ्यासात हा अहवाल मूलभूत दस्तऐवज मानला जातो. मात्र त्याचे वाचन बहुधा व्यवस्थापनशास्त्राच्या किंवा कायद्याच्या अंगाने केले जाते. प्रस्तुत लेखात त्याचा विचार वेगळ्या दृष्टीने केला आहे. पाइपमध्ये निर्माण होणाऱ्या यांत्रिक प्रतिबलाचे, म्हणजे वर्गात आणि कारखान्यात ज्याला 'स्ट्रेस' म्हटले जाते त्याचे, मूल्यमापन म्हणजे नेमके काय, या प्रश्नाला हा अहवाल कोणते उत्तर देतो आणि ते उत्तर कितपत पुरेसे आहे, याची समीक्षा करणे हा या लेखाचा हेतू आहे. फ्लिक्सबरो येथे गणित केले गेले होते आणि केलेले गणित चुकीचे होते असेही नाही. चूक होती ती प्रश्नाच्या निवडीत, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

अपघाताची पार्श्वभूमी

या कारखान्यात नायलॉनच्या निर्मितीसाठी लागणारे कॅप्रोलॅक्टम तयार होत असे. त्यासाठी सायक्लोहेक्झेन या ज्वालाग्राही द्रवाचे ऑक्सिडीकरण सहा रिअ‍ॅक्टरांच्या मालिकेत केले जाई. तापमान सुमारे १५५ अंश सेल्सिअस आणि दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे ८.८ किलोग्रॅम असे. प्रत्येक रिअ‍ॅक्टर आधीच्या रिअ‍ॅक्टरपेक्षा १४ इंच खाली बसवलेला होता. त्यामुळे द्रव एका पात्रातून पुढच्या पात्रात स्वतःच्या भाराने वाहत असे. पात्रांना जोडणाऱ्या २८ इंची तोंडांवर बेलोज, म्हणजे पोलादी घड्यांचे लवचीक सांधे, बसवलेले होते.

मार्च १९७४ च्या अखेरीस पाचव्या रिअ‍ॅक्टरला सुमारे सहा फूट लांबीची भेग आढळली. तो रिअ‍ॅक्टर काढून टाकून चौथा व सहावा रिअ‍ॅक्टर एका तात्पुरत्या पाइपने जोडण्याचा निर्णय झाला. जोडावयाची तोंडे २८ इंची असली तरी कारखान्यात उपलब्ध असलेला सर्वांत मोठा पाइप २० इंची होता. शिवाय दोन्ही तोंडे एका पातळीवर नव्हती. म्हणून तीन तुकडे तिरके कापून व वेल्डिंग करून, दोन ठिकाणी मोडलेल्या आकाराचा पाइप तयार करण्यात आला. त्याच्या दोन्ही टोकांना पूर्वीचेच बेलोज राहिले. पाइप खालून परांचीच्या लोखंडी नळांवर टेकवण्यात आला. या जोडणीचे एकमेव रेखाटन म्हणजे कार्यशाळेच्या फरशीवर खडूने काढलेली पूर्णाकृती आकृती होय. १ एप्रिल रोजी कारखाना पुन्हा सुरू झाला आणि ही जोडणी सुमारे दोन महिने चालली.

प्रतिबलाचे मूल्यमापन : संकल्पनात्मक चौकट

अहवालाचे परीक्षण करण्यापूर्वी पाइपकडे पाहण्याच्या दोन दृष्टी स्पष्ट करणे आवश्यक आहे.

पहिल्या दृष्टीनुसार पाइप हे एक लांबट पात्र आहे. आतील दाब त्याच्या भिंतीला बाहेर ढकलतो आणि त्यातून परिघाच्या दिशेने प्रतिबल निर्माण होते. दाब व व्यास यांचा गुणाकार करून त्यास भिंतीच्या जाडीच्या दुपटीने भागले की हे प्रतिबल मिळते. लांबीच्या दिशेने येणारे प्रतिबल त्याच्या निम्मे असते. हे सूत्र पदविकेच्या विद्यार्थ्यालाही परिचित असते. या दृष्टीने पाहता जाडी वाढवली की सुरक्षितता वाढते.

दुसऱ्या दृष्टीनुसार पाइप ही एक संरचना आहे. पुलाची तुळई असते तशी. तिला स्वतःचे व आतील द्रवाचे वजन पेलावे लागते. तिला आधार असतात, टोके कोठेतरी जखडलेली असतात आणि तापमान बदलले की ती हालचाल करू पाहते. दहा मीटर लांबीचा साधा पोलादी पाइप १३० अंशांनी तापला तर तो सुमारे १५ ते १६ मिलिमीटर लांबतो. तो सरळ असेल आणि दोन्ही टोके पूर्णपणे जखडलेली असतील, तर या रोखलेल्या प्रसरणातून साधारण ३०० मेगापास्कलहून अधिक प्रतिबल निर्माण होते. साध्या पोलादाची कायमस्वरूपी आकार बदलण्याची मर्यादा सुमारे २५० मेगापास्कल असते, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळते. येथे आतील दाबाचा काहीही संबंध नाही. पाइप रिकामा असला तरी हे घडेल. भिंत जाड केल्यानेही हे प्रतिबल कमी होत नाही. उलट टोकांवरील रेटा मात्र वाढतो. यावर उपाय म्हणजे पाइपला वळण देऊन लवचीक करणे, किंवा जागा नसल्यास बेलोज बसवणे.

दाबवाहक पाइपिंगच्या संहितांनी ही दुहेरी दृष्टी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आत्मसात केली होती. ए. आर. सी. मार्कल यांनी पाइपच्या वळणांवर व जोडांवर पुनःपुन्हा वाकवण्याच्या चाचण्या केल्या आणि १९५२ मध्ये त्यांचे निष्कर्ष मांडले. त्यातून औष्णिक हालचालीचे प्रतिबल हे वजन व दाब यांच्या प्रतिबलाहून वेगळ्या निकषाने तपासावे, ही पद्धत अमेरिकी संहितेत रुजली. वजन व दाब सतत कार्यरत असतात. त्यांचे लांबीच्या दिशेने येणारे प्रतिबल तप्त अवस्थेतील अनुज्ञेय मूल्याच्या आत राहिले पाहिजे. औष्णिक प्रतिबल मात्र पाइपने थोडी जागा घेतली की काहीसे शिथिल होते. म्हणून तेथे महत्त्व असते ते आवर्तनांना. त्याची मर्यादा थंड अवस्थेतील अनुज्ञेय प्रतिबलाच्या सव्वापट अधिक तप्त अवस्थेतील मूल्याच्या पावपट अशी धरली जाते. हा मूळ आधार ७,००० आवर्तनांचा, म्हणजे दिवसाला एक या हिशेबाने सुमारे १९ वर्षांचा, होता. वारा, भूकंप यांसारखे प्रासंगिक भार तिसऱ्या वर्गात येतात.

ही विभागणी केवळ आकडेमोडीची सोय नव्हे. पाइपला धोका कोणकोणत्या मार्गांनी येऊ शकतो याची ती यादी आहे. मूल्यमापन करणाऱ्याने सूत्र लावण्यापूर्वी ही यादी डोळ्यांसमोर आणणे अपेक्षित असते.

अहवालाचे सामर्थ्य

फ्लिक्सबरो अहवालाचे सर्वांत मोठे योगदान हे, की तो केलेले गणित आणि न केलेले गणित यांची स्पष्ट विभागणी करतो. केलेली गणिते दोन होती. २० इंची पाइपमधून आवश्यक तेवढा प्रवाह जाईल काय, आणि सरळ पाइप मानला तर तो आतील दाब सहन करील काय. दोन्हींची उत्तरे होकारार्थी आली. न केलेले गणित मोडलेल्या आकारामुळे उद्भवणाऱ्या बलांचे होते. त्या वेळी लागू असलेले ब्रिटिश मानक बी.एस. ३३५१ किंवा बेलोज उत्पादकाची मार्गदर्शिका यांपैकी काहीही पाहिले गेले नव्हते, असे अहवाल नोंदवतो.

न केलेले गणित फार अवघड होते काय? येथे ते करून पाहणे उद्बोधक ठरेल. बेलोजचा व्यास २८ इंच, म्हणजे सुमारे ७१ सेंटिमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ जवळजवळ ३,९७० चौरस सेंटिमीटर येते. त्यास ८.८ ने गुणले असता टोकावरील रेटा सुमारे ३५ टन भरतो. अखंड सरळ पाइपमध्ये हा रेटा पाइपची भिंतच खेचबलाच्या रूपाने पेलते. बेलोज मध्ये आला की ती साखळी तुटते, कारण घडीचा सांधा लांबीच्या दिशेने असे बल पेलू शकत नाही. म्हणून पाइप बाहेरून मार्गदर्शक आधारांनी अथवा बंधदांड्यांनी जखडावा लागतो. फ्लिक्सबरोच्या पाइपमध्ये आणखी एक अडचण होती. दोन टोकांवरील विरुद्ध दिशांचे रेटे एका रेषेत नव्हते. त्यांच्यातील अंतर केवळ एका पायरीएवढे, म्हणजे १४ इंच धरले तरी सुमारे १२ टन-मीटरचा पिळवटून फिरवणारा मोमेंट तयार होतो. तो रोखण्यासाठी काय होते? खाली परांचीचे नळ होते. ते पाइपचे वजन पेलत होते. त्याला फिरू न देण्याची कोणतीही व्यवस्था तेथे नव्हती. परिणामी बेलोजवर आडवे कातर बल आले, ज्यासाठी ते बनवलेलेच नव्हते.

हे गणित एका पानात मावते. म्हणूनच अहवालाचा निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे. कमतरता प्रगत गणिताची नव्हती. पाइपला केवळ पात्र मानले गेले, संरचना मानले गेले नाही.

दुसरे सामर्थ्य चाचणीच्या परीक्षणात दिसते. जोडणीची चाचणी वायूच्या साहाय्याने चौरस सेंटिमीटरला ९ किलोग्रॅमपर्यंत करण्यात आली होती. सुरक्षा झडप मात्र ११ किलोग्रॅमला उघडणारी होती. म्हणजे यंत्रणेत जो दाब कायदेशीरपणे येऊ शकत होता, तेथपर्यंत चाचणी पोहोचलीच नव्हती. शिवाय ती गळतीची चाचणी होती, सामर्थ्याची नव्हे. या दोन चाचण्यांतील भेद अहवालाने ठामपणे मांडला, हे त्याचे श्रेय आहे.

तिसरी गोष्ट सुराची आहे. संबंधितांनी निष्काळजीपणे काम केले असा सोपा ठपका अहवाल ठेवत नाही. वर्क्स इंजिनिअर १९७४ च्या आरंभी कारखाना सोडून गेले होते व त्यांचे पद रिक्त होते. पाइप बसवणारी मंडळी मेहनती होती. पण ज्या प्रश्नाची त्यांना कल्पनाच नव्हती, तो प्रश्न विचारण्यास तेथे कोणी उरले नव्हते.

अहवालाच्या मर्यादा

हे सारे मान्य करूनही अहवालाच्या तीन मर्यादांची नोंद घ्यावी लागते.

पहिली मर्यादा पुराव्याच्या तर्कशास्त्राची आहे. चौकशीसाठी तशाच जोडणीच्या प्रतिकृती तयार करून चाचण्या घेण्यात आल्या. सुरक्षा झडपेच्या दाबाखालीच बेलोज वेडेवाकडे होतात हे त्यांत दिसले. मात्र ते प्रत्यक्ष फाटले ते त्याहून बऱ्याच अधिक दाबाला. ही दरी भरून काढण्यासाठी बेलोज एकाएकी सरकून थांबताना बसणाऱ्या धक्क्याचे सैद्धान्तिक गणित मांडले गेले. पर्यायी उपपत्ती अशी होती, की जवळच्या ८ इंची पाइपला आधी भेग पडली आणि तेथून निघालेल्या वायूच्या लहान स्फोटाने २० इंची जोडणी निखळली. ही साखळी अनेक असंभाव्य घटनांची असल्यामुळे न्यायालयाने ती नाकारली आणि २० इंची जोडणीचे एकाच टप्प्यातील अपयश ग्राह्य धरले. म्हणजे निष्कर्षाचा पाया बऱ्याच अंशी इतर शक्यता वगळण्यावर उभा आहे. पुढील काळात काही अभियंत्यांनी न ढवळलेल्या रिअ‍ॅक्टरमध्ये साठलेल्या पाण्याच्या थराचा प्रश्न उपस्थित केला. ते पाणी कारखाना सुरू करताना एकाएकी उसळून उकळले असावे व त्यातून अल्पकाळ अतिरिक्त दाब आला असावा, असा त्यांचा तर्क आहे. या वादाचा अंतिम निर्णय येथे करण्याचे कारण नाही. मात्र त्यातून प्रतिबल-मूल्यमापनाला महत्त्वाचा धडा मिळतो. स्थिर दाबावर आधारलेले गणित सुरू करण्याच्या व बंद करण्याच्या काळातील क्षणिक भारांविषयी मौन बाळगते. आणि हाच काळ पाइपसाठी सर्वाधिक कठीण असतो.

दुसरी मर्यादा भाषेची आहे. मुळात उत्तम रीतीने संकल्पित व उभारलेल्या कारखान्यात एक फेरबदल शिरला आणि त्याने कारखान्याची अखंडता नष्ट केली, अशा आशयाची मांडणी अहवाल करतो. ही मांडणी प्रभावी असली तरी ती मूळ आराखड्याला परीक्षणाबाहेर ठेवते. पात्रांच्या दरम्यान बेलोज बसवण्याचा निर्णय मूळ आराखड्याचा होता. प्रत्येक फेरीत सायक्लोहेक्झेनच्या अवघ्या सुमारे ६ टक्के भागाचे रूपांतर होई. उरलेला प्रचंड साठा तप्त व दाबयुक्त अवस्थेत सतत फिरत राही. म्हणजे एका सांध्याचे अपयश शेकडो मीटरवरील घरांपर्यंत पोहोचेल, ही शक्यता मूळ रचनेतच होती. प्रतिबलाचे मूल्यमापन 'सांधा तुटेल काय' एवढ्यावर थांबते. 'तुटला तर काय' हा प्रश्न त्याच्याशी जोडला गेला तरच ते पूर्ण होते.

तिसरी मर्यादा पाचव्या रिअ‍ॅक्टरच्या भेगेशी संबंधित आहे. किरकोळ गळती विरळ करण्यासाठी त्या पात्रावर शीतकरणाचे पाणी सोडले जात असे. त्या पाण्यातील नायट्रेटमुळे पोलादात प्रतिबल-क्षरणाची भेग पडली, हे पुढे स्पष्ट झाले. म्हणजे मूळ घटनाही प्रतिबलाचीच होती. खेचबल आणि रसायन यांच्या संयोगाने धातू अनुज्ञेय मर्यादेच्या आतही फुटतो, हा इशारा कारखान्याला आधीच मिळाला होता. भेगेचे कारण शोधण्याआधीच उत्पादन पुन्हा सुरू करण्यात आले. अहवाल या भेगेची दखल घेतो, पण भेग आणि तात्पुरता पाइप या दोन्ही घटना एकाच वृत्तीची रूपे आहेत, हा दुवा तो पुरेशा जोराने जोडत नाही. दोन्ही ठिकाणी 'का' हा प्रश्न 'केव्हा सुरू होईल' या प्रश्नापुढे मागे पडला.

येथे दोन महिन्यांच्या निर्वेध उत्पादनाचाही विचार करावयास हवा. जी वस्तू दोन महिने चालली ती सुरक्षित आहे, असा समज स्वाभाविक असतो. परंतु यशस्वी वापर म्हणजे मूल्यमापन नव्हे. पाइप तुटला नाही यावरून एवढेच सिद्ध होते, की त्याला तोडणारा भार तोपर्यंत आला नव्हता.

अहवालाची आजची प्रस्तुतता

आज पाइपिंगच्या प्रतिबलाचे विश्लेषण संगणकीय प्रणालींनी होते. शेकडो जोडांची, अनेक भारस्थितींची उत्तरे काही क्षणांत मिळतात. लाल-हिरव्या रंगांत ती दाखवलीही जातात. त्यामुळे फ्लिक्सबरोसारखी चूक आता संभवत नाही, असे वाटणे साहजिक आहे. हा समज तपासून पाहिला पाहिजे. प्रणाली केवळ सांगितलेल्या आधारांचे आणि सांगितलेल्या भारांचे गणित करते. बेलोजचा रेटा नोंदवला नाही, आधार एकाच दिशेने कार्य करतो हे सांगितले नाही, किंवा प्रत्यक्ष जागेवर आधार बसवलाच गेला नाही, तर उत्तर अचूक असूनही अप्रस्तुत ठरते. खडूची आकृती जाऊन पडद्यावरील आकृती आली, एवढ्याने प्रश्न विचारण्याची जबाबदारी हस्तांतरित होत नाही.

याचा अध्यापनाशी थेट संबंध आहे. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत दाब, व्यास व जाडी दिलेली असते आणि प्रतिबल काढावयास सांगितलेले असते. कोणते भार विचारात घ्यावेत हे ठरवण्याचे काम प्रश्नकर्त्यानेच उरकलेले असते. विद्यार्थ्याच्या वाट्याला उरते ती आकडेमोड. फ्लिक्सबरो येथे नेमकी तीच आकडेमोड बरोबर झाली होती. भार ओळखण्याचे कौशल्य ज्या मूल्यमापनात तपासलेच जात नाही, ते विद्यार्थ्याचे असो वा पाइपचे, अपुरेच राहते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. फ्लिक्सबरोच्या तात्पुरत्या पाइपचे दाबविषयक गणित झाले होते. आकारामुळे व बेलोजमुळे येणाऱ्या बलांचे गणित झाले नव्हते. अहवालाने हा भेद निःसंदिग्धपणे नोंदवला, हे त्याचे स्थायी मूल्य आहे.

२. अपयशाच्या नेमक्या क्रमाविषयी अहवालाचा निर्णय बऱ्याच अंशी अन्य शक्यता वगळण्यावर आधारलेला आहे. त्यामुळे तो अंतिम सत्य म्हणून न शिकवता तर्काचा नमुना म्हणून शिकवणे अधिक उचित ठरेल.

३. फेरबदलाची रचना, उभारणी व चाचणी मूळ यंत्रणेच्याच दर्जाने व्हावी, ही अहवालाची शिफारस आजही तितकीच लागू आहे. मात्र 'तात्पुरते' या शब्दाला प्रतिबलाच्या शास्त्रात स्थान नाही, हे त्यासोबत स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ३५ टनांचा रेटा तात्पुरत्या पाइपवर कमी होत नाही.

४. यांत्रिक प्रतिबलाचे मूल्यमापन ही आधी भार ओळखण्याची आणि नंतर गणिताची क्रिया आहे. हा क्रम उलटला तर गणित जितके अचूक, तितका खोटा विश्वास अधिक निर्माण होतो. फ्लिक्सबरो येथील २८ मृत्यूंच्या मुळाशी असाच एक खोटा विश्वास होता, आणि अभियांत्रिकीच्या वर्गात तो अहवाल वाचला जाण्याचे याहून सबळ कारण दुसरे नाही.